उतरायच्या दिवशीचे कपडे

रादोयका स्तानिचला पोहता येत नाही. जन्म डॅन्यूबच्या काठचा, आपातिन गावातला. बाप कोळशाच्या बोटीवर खलाशी, आजोबा मासे पकडायचे, आणि हिची स्वतःची बावीस वर्षं याच नदीवर प्रवासी जहाजांत गेली. पण पाण्यात हात घालायचा तो फक्त बादलीतल्या, हा तिचा नेम. ‘बुडालीस तर?’ असं कुणी विचारलंच तर म्हणते, “जहाज बुडालं तर मी चादरी मोजत असेन, मला कळणारसुद्धा नाही.”

युरोपातली मोठी मोठी शहरं तिने पाहिलीत, पण मागच्या बाजूने. व्हिएन्ना म्हणजे धुतलेल्या चादरींचा ट्रक. बुडापेस्ट म्हणजे साबण आणि टॉवेल. तिथे राजवाडे-बिजवाडे असतात म्हणे. प्रवासी फोटो काढून आणतात आणि कौतुकाने तिला दाखवतात, तीही “वा, वा” म्हणते आणि फोटोत मागे आपला धक्का आलाय का ते बघते.

‘श्वाल्बे’ जहाजावर अडुसष्ट खोल्या. त्यांची आणि नऊ मुलींची ती मुख्य. मुली बल्गेरियाच्या, रोमेनियाच्या, कुठकुठल्या. तिला सगळ्या मावशी म्हणतात. मावशी प्रेमळ आहे का, असं विचारलं तर जरा विचार करून हो म्हणतील. चादरीला सुरकुती दिसली की तिचा पारा चढतो. खाली आपल्या खोलीत नेऊन सगळ्यांना तुर्की पद्धतीची कॉफी पाजतानाही ती कुणाच्या तरी खोलीतल्या नळावरच्या डागाबद्दल बोलत असते.

सफरीचा शेवटचा दिवस शनिवार, मुक्काम पासाउ. जुने प्रवासी नऊपर्यंत उतरायचे, नवे दोनला चढायचे, आणि मधल्या वेळात अडुसष्ट खोल्यांना अशा करायच्या की तिथे आजवर कुणी शिंकलंसुद्धा नसेल. त्यासाठी सकाळी सहाच्या आत सगळ्यांनी आपापल्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. इथेच दर मोसमात कुणीतरी घात करून घेतं. माणूस नीटनेटका असतो, घड्या घालून सगळं बॅगेत भरतो, बॅग बाहेर ठेवतो, समाधानाने झोपतो, आणि सकाळी उठून बघतो तो अंगावरच्या झोपायच्या कपड्यांशिवाय जगात त्याचं काही उरलेलं नसतं. मागच्या वर्षी एक निवृत्त न्यायाधीश खिडकीचा पडदा गुंडाळून नाश्त्याला आले होते, आणि तोसुद्धा पारदर्शक पडदा.

म्हणून शुक्रवारी जेवणाआधी रादोयका स्वतः दारोदार फिरते. “उद्याचे कपडे खुर्चीवर काढून ठेवा. औषधं खुर्चीवर. दात असतील तर पेल्यात, आणि पेला बॅगेत नको.” बावीस वर्षं हेच शब्द.

आता तिच्या लेकीचं सांगायला हवं. योवाना सहा वर्षं पासाउच्या इस्पितळात नर्स आहे. जहाज लागलं की ती भेटायला येते, नाही असं नाही. पण धक्क्यावरच्या तिकिटाच्या खोपटाशी उभी राहते आणि फोन करते. हाक म्हणून मारायची नाही. आत तर कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही. “सगळे कामात असतात गं, उगाच कशाला.” रादोयकालाही ते पटायचं, किंवा पटवून घ्यायला बरं वाटायचं. मग एके दिवशी योवानाचा फोन आला.

“आई, पुढच्या शनिवारी कोर्बिनियानची आई येणार आहे. तुला भेटायला. दहा वाजता.”

कोर्बिनियान म्हणजे होणारा जावई. बव्हेरियाच्या जंगलपट्ट्यातला, ताडमाड, कमी बोलणारा सुतार. रादोयकाला तो आवडला होता, कारण पहिल्या भेटीत त्याने न विचारता आपातिनच्या घरातलं तिचं डुगडुगणारं टेबल सरळ करून दिलं होतं.

“येऊ दे की. कॉफी टाकते.”

“जहाजावर नको. समोरच्या कॅफेत बसू. आणि आई… एप्रन काढून ये हं.”

“मग काय, एप्रन बांधून नाचत येणार होते?”

“तसं नाही गं. मी त्यांना सांगितलंय की तू जहाजावर अधिकारी आहेस.”

“कसली अधिकारी?”

“कसली ते नाही सांगितलं.”

फोन ठेवल्यावर रादोयकाने चौदा खोल्यांच्या चादरी एकटीने ओढून ओढून घातल्या. “मावशी, फाटेल ना,” असं तिच्या नऊ मुलींतली स्नेझाना म्हणाली, तर तिच्यावरच उखडली. वाईट वाटलं होतं. सरळच सांगायचं तर फार वाईट वाटलं होतं. याच एप्रनच्या जोरावर त्या पोरीचं शिक्षण झालं होतं. नवरा घरी मिरच्या लावतो आणि नदीला शिव्या देतो, त्याच्याच्याने ते व्हायचं नव्हतं.

पण दोन दिवसांनी राग उतरला आणि भीती चढली. पोरगी परक्या मुलखात एकटी. सासरच्यांसमोर पहिल्याच दिवशी तिची मान खाली गेली तर ती जन्मभर वर यायची नाही. लिंझला जहाज थांबलं तेव्हा बावीस वर्षांत पहिल्यांदा रादोयका बाजारात गेली आणि एक ड्रेस घेऊन आली. गडद निळा, पांढऱ्या गुंड्यांचा, बाह्या कोपरापर्यंत. अंगात घालून आरशात पाहिलं. हो, अधिकारी दिसत होती. लेकीला अधिकारी आई हवी ना, मग मिळेल अधिकारी आई.

शनिवारी पहाटे जहाज पासाउला लागलं. धक्क्याशी आधीच एक जहाज होतं, म्हणून ‘श्वाल्बे’ त्याच्या कुशीला बांधलं. अशा वेळी आपल्या प्रवाशांना शेजारच्या जहाजाच्या दिवाणखान्यातून काठावर जावं लागतं, आणि तिथली मंडळी कॉफी पीत सगळ्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. रादोयकाने निळा ड्रेस इस्त्री करून आपल्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. आज तिचा ऐटीचा दिवस. म्हणून रोजचे बाकी सगळे कपडे तिने नोकरांच्या धुण्याच्या पोत्यात कोंबले आणि साडेपाचला पोतं ट्रकमध्ये गेलंसुद्धा. अंगावर गणवेश आणि एप्रन, खुर्चीवर ड्रेस. बास.

पावणेआठला एकशे बारा नंबरची घंटा वाजली.

एकशे बारात झ्विकाऊच्या हेडविगबाई होत्या. वय एक्क्याऐंशी, बांधा रादोयकासारखाच, म्हणजे दार भरून टाकणारा. दर वर्षी नवऱ्याबरोबर याच खोलीत यायच्या. या वर्षी एकट्या आल्या होत्या. रादोयका आत गेली तर बाई पलंगाच्या कडेवर बसलेल्या. अंगात बदकांच्या चित्रांचा रात्रीचा झगा.

“बॅगा गेल्या का हो?”

“सव्वासातलाच. घरपोचवाल्यांची गाडी घेऊन गेली. मंगळवारी तुमच्या दारात.” एवढं बोलेपर्यंत रादोयकाच्या लक्षात आलं. “अहो बाई! काल मी सांगितलं होतं ना?”

“सांगितलंत. मी हो म्हटलं. चौदा वर्षं तुम्ही सांगता, मी हो म्हणते, आणि एर्विन कपडे काढून ठेवतो.” बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं. “इथे ठेवायचा. वर मोजे. आज उठले तर खुर्ची रिकामी. मी म्हटलं, हा कुठे गेला… आणि मग आठवलं.”

रादोयकाने खोलीतला फोन उचलला आणि घडला प्रकार कळवला.

व्यवस्थापक तिबोर धावत आला. हंगेरीचा माणूस, कपाळावर सदा घाम. त्याने आंघोळीनंतरचा पांढरा टॉवेली झगा आणला होता.

“हा घाला, बाई. अगदी नवा. आमच्याकडून भेट.”

“अहो साहेब, मला दोन आगगाड्या बदलायच्यात,” हेडविगबाई म्हणाल्या. “हा घालून फलाटावर बसले तर लोक समजतील मी इस्पितळातून पळालेय. परत नेऊन सोडतील.”

“गणवेश देऊ का?” त्याच्या मागोमाग आलेल्या स्नेझानाने विचारलं.

“गणवेश बाहेर देता येत नाही,” तिबोर म्हणाला. “आणि तुझ्या मापाचा बाईंच्या एका हातात जाईल.”

मग सगळ्यांनी एकदमच रादोयकाकडे पाहिलं. म्हणजे तिच्या रुंदीकडे पाहिलं. तिला ते कळलं.

“माझ्याकडे बघू नका. माझं सगळं पोत्यात गेलं.”

“सगळं?” स्नेझाना म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. निळ्या ड्रेसबद्दल तिला ठाऊक होतं. खालच्या मजल्यावर सगळ्यांनाच ठाऊक होतं!

स्टेशनला नेणारी बस साडेआठची. बूट तेवढे पलंगाखाली राहिले होते, म्हणजे पायांची चिंता नव्हती. हेडविगबाई टॉवेली झग्याकडे बघत होत्या आणि हळूहळू त्यांचा चेहरा लहान होत चालला होता. “द्या तोच,” त्या म्हणाल्या. “काय करणार.” रादोयकाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि ती तरातरा खाली गेली.

खोलीत ती ड्रेससमोर उभी राहिली. ‘दहापर्यंत दुसरं काहीतरी मिळेल,’ तिने स्वतःला सांगितलं. मिळणार नव्हतं, तेही तिला माहीत होतं. तिने योवानाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. “मर मेल्या,” असं ती नेमकं कुणाला म्हणाली ते कळलं नाही. ड्रेस उचलला आणि वर आली.

“अहो, हा तर नवा कोरा,” हेडविगबाई म्हणाल्या. “किमतीचा कागदसुद्धा लटकतोय.”

“कागद मी कापते. हात वर करा.”

“तुम्ही काय घालाल?”

“मला कुठे जायचंय? हात वर.”

गुंड्या लागल्या. बाईंनी आरशात पाहिलं, मान इकडून तिकडे केली. “एर्विनने हा कधीच काढून ठेवला नसता. त्याला सगळं राखाडी आवडायचं.” आणि त्या सकाळी पहिल्यांदाच हसल्या. शेजारच्या जहाजाच्या दिवाणखान्यातून त्या गेल्या तेव्हा कॉफी पिणारा एक म्हातारा चक्क उठून उभा राहिला. तो ड्रेस नंतर परत आला म्हणा, पोस्टाने, धुऊन, इस्त्री करून; पण ती तीन आठवड्यांनंतरची गोष्ट. त्या घडीला तो बसच्या खिडकीतून हात हलवत निघून गेला.

“मावशी, आता?” स्नेझानाने विचारलं.

“आता एकशे एकपासून सुरुवात. टॉवेल आण.”

मनातल्या मनात मात्र बेत ठरला होता. लेक फोन उचलत नव्हती. रादोयकाने तिबोरला गाठलं. “दहाला कुणी आलं तर सांगा, स्तानिच मॅडम कप्तानाबरोबर मिटिंगमध्ये आहेत. फार दिलगीर आहेत.”

“तुमची मिटिंग? कप्तान झोपलाय.”

“तुमच्या होतात तेव्हा तरी काय निराळं असतं?”

तिबोरने घाम पुसला.

पावणेदहाला रादोयका एकशे बारात होती, दाराकडे पाठ, पलंगावर वाकलेली, चादरीचं टोक दातांत. असं धरायचं नाही म्हणून ती मुलींना ओरडते.

“देव भलं करो! बाई, या जहाजावरच्या स्तानिच मॅडम कुठे भेटतील हो?”

ती वळली. दारात एक ठेंगणी, लालबुंद गालांची बाई. अंगात कशिद्याचा ठेवणीतला पारंपरिक झगा, हातात कापडात गुंडाळलेली धुरावलेल्या मांसाची भलीमोठी तंगडी. मागे मान वाकवून उभा कोर्बिनियान. त्याच्यामागे योवाना, आणि तिचा चेहरा बिटासारखा झालेला. ही वाल्बुर्गा, विहीणबाई. कॅफेत थांबायला तयारच नव्हत्या. जहाजातल्या खोल्या कशा असतात ते बघायचंय म्हणून थेट आत शिरल्या होत्या, आणि तिबोरला काही बोलायची संधीच मिळाली नव्हती.

रादोयकाने दातांतली चादर सोडली. एका क्षणात तिने सगळं पाहिलं. ही बाई आपल्याला ओळखत नाही. कोर्बिनियान आपल्या जन्मात न विचारता बोलायचा नाही. म्हणजे अजून निभावता येईल.

“मॅडम होय?” ती जर्मनमध्ये म्हणाली. “तुम्ही पुढे सोफ्यावर बसा, मी बोलावते त्यांना.”

तिने बादली उचलली आणि मान खाली घालून लेकीच्या अंगावरून गेली. लेकीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय थबकला असता.

“आई,” योवाना पुटपुटली.

रादोयका चालत राहिली.

“आई, थांब. थांब ना गं!”

आता थांबणं भाग होतं. योवानाने तिच्या हातातली बादली घेतली, म्हणजे हिसकावलीच, थोडं पाणी तिच्या चांगल्या बुटांवर सांडलं.

“ही माझी आई,” ती वाल्बुर्गाला म्हणाली. “अधिकारी वगैरे काही नाही. म्हणजे… अडुसष्ट खोल्या हिच्या हाताखाली आहेत. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आणि ही आत्ता माझ्यासाठी मॅडमला बोलवायला निघाली होती.”

वाल्बुर्गाने तिच्याकडे पाहिलं, मग रादोयकाकडे, मग बादलीकडे. मग आत गेली आणि धप्पकन पलंगावर बसली.

“अहो, त्यावर नको!” रादोयका किंचाळली. “आत्ता घातलीय!”

विहिणी-विहिणींचं पहिलं संभाषण ते हे.

वाल्बुर्गा चटकन उठली. “चुकलं, चुकलं. माझ्याकडे कुणी असं बसलं तर मीसुद्धा झाडू घेते. पण पाय मेले उभं राहू देत नाहीत. लग्नातले बूट आहेत हो. तीस वर्षांनी घातले. ही म्हणाली, आई मोठी अधिकारी आहे. मी रात्रभर डोळा मिटला नाही. आमच्याकडे पाहुण्यांच्या अकरा खोल्या, मीच झाडते, मीच पुसते. अधिकारीण बाईशी मी बोलू काय? याला विचारलं.”

“मी म्हटलं, हवेबद्दल बोल,” कोर्बिनियान म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य.

“हवा चांगली आहे,” रादोयका म्हणाली.

आणि मग दोघी अशा हसायला लागल्या की पलीकडच्या खोलीतून स्नेझाना बघायला आली. योवाना हसत नव्हती. ती भिंतीला टेकून रडत होती. रादोयकाने एप्रनच्या टोकाने तिचं नाक पुसलं, चार वर्षांच्या पोरीचं पुसतात तसं, आणि म्हणाली, “पुरे. जा, मोरंब्याची बरणी घेऊन ये माझ्या खोलीतून. पहिल्यांदा आलेल्या माणसाला कोरडं बसवायचं का?”

आपातिनकडे पाहुणा पहिल्यांदा घरी आला की तबकात मोरंब्याची बरणी, चमचा आणि पाणी येतं. पाहुण्याने एक चमचा खायचा, वर पाणी प्यायचं, की सोयरीक गोड झाली. वाल्बुर्गाला हे कोण सांगणार? समोर आलेली पांढऱ्या चेरीची बरणी तिने दोन्ही हातांत धरली, “अगंबाई, कशाला एवढं!” म्हणाली, आणि सरळ पिशवीत टाकली. चमचा तबकात तसाच राहिला. योवानाने तोंड उघडलं. रादोयकाने तिला कोपराने ढोसलं. हिवाळ्यापर्यंत पुरवायची म्हणून ठेवलेली बरणी होती ती. बदल्यात तंगडी मिळाली, हेही खरं.

तेवढ्यात स्नेझाना म्हणाली, “मावशी, साडेदहा वाजले आणि एक्केचाळीस खोल्या बाकी आहेत.”

वाल्बुर्गाने बूट काढले. बाह्या वर सारल्या. “मला चादरी कुठे असतात ते दाखवा,” ती म्हणाली.

“अहो, तुम्ही पाहुण्या.”

“मग पाहुणीला हवेबद्दल बोलायला लावणार का तास-दोन तास?”

मग काय विचारता! कोर्बिनियान मळक्या कपड्यांची पोती खांद्यावर घेऊन फिरू लागला आणि प्रत्येक दाराच्या चौकटीवर डोकं आपटू लागला. आत विहिणींचं जुंपलं. रादोयका दुलईची तिहेरी घडी घालते. वाल्बुर्गाचं म्हणणं दुहेरीच हवी. वाल्बुर्गा उशी ठेवली की तिच्या डोक्यावर हाताच्या कडेने एक धपाटा घालते, म्हणजे मधे खळी पडते आणि दोन कान उभे राहतात.

“उशीने तुमचं काय बिघडवलंय?” रादोयकाने विचारलं.

“आमच्याकडे असंच असतं. पाहुण्याला कळतं की उशी ताजी आहे.”

“आमच्याकडे पाहुण्याला वाटेल, आधीच कुणीतरी भांडून गेलंय.”

अखेर तह झाला: दुलई तिहेरी, उशीला धपाटा. एकशे चाळीसमध्ये मात्र रादोयकाने चादरीवरून हात फिरवला आणि बोट ठेवलं. “सुरकुती आहे. पुन्हा घाला.” वाल्बुर्गाने क्षणभर कमरेवर हात ठेवले, आणि मुकाट्याने पुन्हा घातली. कोर्बिनियान दारातून बघत होता. आपल्या आईला कुणी काम पुन्हा करायला लावलेलं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

योवानाने कुणी न सांगता खुंटीवरचा एप्रन घेतला होता. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती, आणि घड्या बरोबर येत होत्या. लहानपणी आपातिनच्या स्वयंपाकघरात आईनेच शिकवल्या होत्या. रादोयका दोनदा काही कारण नसताना तिथून गेली.

पावणेदोनला सगळं आटोपलं. रादोयका शेवटची नजर टाकायला एकशे बारात गेली. तेवढ्यात वेळेआधीच एक वयस्क जोडपं बॅग ओढत चढलं, आणि समोर एप्रनमधली योवाना दिसली तशी त्यांनी विचारलं, आमची खोली कुठली, आणि तुम्हीच का इथल्या?

“मी नाही, माझी आई,” योवाना म्हणाली. “थांबा हं, तिला विचारते.”

आणि तिने हाक मारली. तिकिटाच्या खोपटाशी सहा वर्षं न मारलेली ती हाक, चांगली खणखणीत, सगळ्या मजल्यावर घुमणारी, शेजारच्या जहाजातल्या कॉफीवाल्यांनीही माना वळवाव्यात अशी: “आईऽऽ! अगं आईऽऽ!”

रादोयकाने एकशे बारातली खुर्ची टेबलाशी सरळ केली, डोळे पुसले, आणि तेवढ्याच मोठ्याने ओरडली, “आले गं!”